तिघा पहिल्या अँटिव्हायरसांची यमाजीपंतांनी पारख केली त्याची बखर

श्रीगणराज विघ्न हरोत, वीजपुरवठा अखंड राहो, आणि लिहिणाराचे हातचे लिहिलेले आपोआप पुसले न जावो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, चैत्रमास. ते समयी एक राज्य होते. नाव घेण्याचे प्रयोजन नाही. घेतल्यास तेथील मंडळी रागावतील, आणि न घेतल्यास प्रत्येकास आपलेच वाटेल. राज्य थोर, धरण थोर, कालवे उदंड. पूर्वी धरणाची दारे माणसे चक्र फिरवून उघडीत. पुढे महाराजांचे चित्ती आले की, जगी संगणक जाहले, आपलेच राज्यी का नसावे, आणि मग दफ्तर संगणकात गेले, न्याय संगणकात गेला, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या संगणकात गेल्या, धरणाची दारेही संगणकाचे हुकुमाने उघडूमिटू लागली, आणि मुदपाकखान्यात आज भाजी कोणती हे स्क्रीनवर पाहून मगच वांगी चिरू लागले. ऐसे सुखाचे दिवस असता दिवाणसाहेबांस एक टपाल आले की, "आंब्याची पेटी नजर केली आहे, पाहणे असल्यास येथे दाबावे." दिवाणसाहेब आंब्याचे बहुत शौकीन. दाबिले. पेटीतून आंबा न निघता विषाणू निघाला आणि तो दफ्तरात शिरून त्याने ऐसा धुमाकूळ घातला की, महसुलाच्या जागी ठिपके आले, ठिपक्यांच्या जागी चौकोन आले, आणि न्यायखात्यात जो वादी तोच प्रतिवादी होऊन लोक स्वतःवरच फिर्याद लावून घरी गेले. जुन्या प्रतींवरून सर्व सावरता सावरता कारकुनांचे डोळे सुजले.

मग महाराजांनी दरबार भरविला आणि बोलिले, "दफ्तर गेले ते परत आणिले. पण वैशाखात कालव्यास उन्हाळी पाणी सोडणे आहे. तेव्हा हा विषाणू धरणाच्या दारांत शिरला तर काय? दारे मिटलीच नाहीत तर खालची गावे वाहून जातील, आणि उघडलीच नाहीत तर तहानेने मरतील. सबब जगातील उत्तम अँटिव्हायरस आणावा." अँटिव्हायरस म्हणजे संगणकाच्या दाराशी बसणारा पहारेकरी; येणाराजाणारास न्याहाळावे, विषाणू ओळखून धरावा, भल्यास वाट द्यावी, हे त्याचे काम. हुकूम सुटताच तीन विक्रेते तीन दिशांनी आले. एकाचा अँटिव्हायरस वज्रकवच, दुसऱ्याचा सर्वग्रासी, तिसऱ्याचा मंदवारा. तिघांचे हाती सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र, आणि तिन्ही पत्रांवर मजकूर एकच की, जगातील सर्व अँटिव्हायरसांची तुलना केली असता प्रथम क्रमांक याचा. महाराजांनी तिन्ही पत्रे वाचिली, पुन्हा वाचिली, आणि विचारिले, "तिघेही पहिले? मग शर्यतीत दुसरा कोण आला?" दरबारात कोणी छताकडे पाहिले, कोणी जोड्याकडे.

दरबारी यमाजी रंगनाथ म्हणून चिटणीस होते. वय पन्नाशीचे, अक्षर मोत्याचे, आणि स्वभाव ऐसा की आजवर स्वतःचे मत म्हणून कोणास दिले नाही. मसलतीत सर्वांचे शेवटी बोलावे आणि "मलाही तसेच वाटते" इतकेच बोलावे. तेणेकरून दिवाण बदलत गेले, यमाजीपंत बदलले नाहीत. महाराज म्हणाले, "यांचे माप कोणाकडे झुकत नाही, कारण यांजपाशी मापच नाही. यमाजीपंत, तुम्ही जा, या परीक्षा कोण घेतो, कशा घेतो, हे डोळ्यांनी पाहा, आणि कोणत्या परीक्षेवर भरवसा ठेवावा हे येऊन सांगा." पंत सवयीने म्हणाले, "मलाही तसेच वाटते," आणि मग ध्यानी आले की या वेळी जाणारे आपणच. घरी गेले तो पत्नी सकवारबाईंनी वर्तमान ऐकून शिदोरी बांधिली आणि म्हणाल्या, "अहो, या खेपेस काहीतरी ठरवून या हो. मागे शेजाऱ्यांच्या बांधाचे भांडण मिटवावयास गेलात आणि दोघांनाही बरोबर म्हणून आलात. अजून दोघे मिळून आपल्याशी बोलत नाहीत."

पहिला मुक्काम सुवर्णतुला नामे परीक्षागृही पडला. वज्रकवचास पहिला नंबर यांनीच दिलेला. गृहाचे धनी तिमाजी बल्लाळ, देह विशाल, मन त्याहून विशाल. त्यांनी पंतांस श्रीखंडपुरीचे भोजन घातले, विडा दिला, आणि मग परीक्षेची कोठी दाखविली. तेथे विषाणूंचा मोठा संग्रह, जैसा कोणी जुनी नाणी जमवितो. पंतांनी विचारिले, "हे विषाणू कधीचे?" तिमाजी अभिमानाने म्हणाले, "अस्सल जुने! हा पाहा, आमच्या लग्नाच्या साली फिरत होता. याला जगातला प्रत्येक अँटिव्हायरस नावानिशी ओळखतो." पंत म्हणाले, "मग ते सगळेच त्यास धरीत असतील." "धरतात तर! शंभरात शंभर. एकही चुकत नाही, इतकी आमची परीक्षा निर्दोष." पंतांनी सुपारी चघळीत अंमळ विचार केला आणि भीत भीत पुसिले, "तिमाजीपंत, आपल्या परीक्षेत आजवर कोणी नापास जाहला का?" तिमाजींनी कानांवर हात ठेविले. "शिव शिव! पाहुण्याचा अपमान आमच्या घरी होत नाही. कोणास गुण थोडे पडलेच तर तो निकाल आम्ही बाहेर काढीत नाही. उगाच कोणाची अब्रू का घ्यावी? आणि ज्यास गुण भरपूर, तो शिक्का वापरण्याचे जे काय ते आम्हांस देतो. तो सुखी, आम्ही सुखी." पंत उठले, हात धुतले, श्रीखंडाची तारीफ केली, आणि घोड्यावर बसल्यावर त्यांस खुदकन हसू आले. ते का आले हे घोड्यासही कळेना. वाटेत मंदवाऱ्याचे परीक्षकांस गाठिले, तो ते विक्रेत्याचे सख्खे मामा निघाले. परीक्षा अंगणातच जाहली होती. मंदवारा संगणकास जराही जड होत नाही, हे खरे, कारण तो दिवसभर झोपतो. मामा म्हणाले, "भाच्याला दुसरा नंबर कसा द्यावा, तुम्हीच सांगा." पंत म्हणाले, "तेही खरेच," आणि पुढे गेले.

मग महागणना मंडळ लागले. हे मंडळ निराळे. येथे भोजन नाही, विडा नाही, विक्रेत्यास आत पाऊल नाही. विषाणू काल-परवा जन्मलेले, ताजे, थव्यांनी सोडीत, आणि कोणी किती धरिले हे मोजीत. पंतांचे समोर परीक्षा जाहली. सर्वग्रासीने एकही विषाणू सुटू दिला नाही. बाकीचे कोणी थोडे, कोणी बहुत चुकले. पंतांस अत्यानंद जाहला. मनात म्हणाले, खोटेपणा नाही, मामा नाही, श्रीखंड नाही, आणखी काय पाहिजे? तातडीने परत फिरले, आणि जन्मात प्रथमच भर दरबारी सर्वांचे आधी बोलिले, "महाराज, सर्वग्रासी घ्यावा." महाराज संतुष्ट जाहले, पंतांस शालजोडी दिली, आणि सर्वग्रासी राजवाड्यापासून धरणापर्यंत कुल संगणकांवर चढविला.

दुसरे दिवशी सकाळी सर्वग्रासी जागा जाहला आणि धरपकड सुरू जाहली. प्रथम त्याने महाराजांचे फर्मान धरिले, कारण त्यात "तात्काळ" हा शब्द बहुत वेळा होता. मग राणीसाहेबांच्या लोणच्यांच्या कृती धरिल्या. मग दिवाणसाहेबांचे भाषण धरिले, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. मग महाराजांचे पणजोबांचे चित्र विषाणू म्हणून कोंडिले, आणि प्रत्येक स्क्रीनवर लाल अक्षरे उमटू लागली की, धोका टळला, धोका टळला, धोका टळला. कारकून हसून लोळू लागले. इतक्यात धरणावरून सांडणीस्वार आला. सर्वग्रासीने दारे उघडण्याची आज्ञावली हीच मोठी गनीम ठरवून कैदेत टाकिली होती, आणि त्याच दिवशी खालच्या गावांस पिण्याचे पाणी सोडणे होते. तेव्हा मात्र कोणी हसेना. पंत घोडा पिटाळीत धरणावर गेले, तो कालव्याचे काठी घागरी घेऊन गावेच्या गावे उभी. एक म्हातारी, नाव भागाई, पुढे होऊन म्हणाली, "चिटणीस, तळ्यात चिखल ऱ्हायलाय. पाणी कुठं हाय?" पंतांस खोटे सुचेना. म्हणाले, "आजी, पाणी धरणातच आहे. ते सोडणारा कैदेत आहे." "त्यानं काय केलं?" "काहीच नाही." "मग सोडा की त्याला!" "ज्याने धरिले तो ऐकत नाही." भागाई म्हणाली, "असला कसला शिपाई ठेवलाय तुमी?" मग जुने चक्र, गंजून पडलेले, त्यास तेल पाजिले, आणि धरणावरचे लोक, गावकरी, आणि पगडी काढून खुद्द यमाजीपंत, ऐसे सर्वांनी खांदे लाविले. भागाईने काठावरून जोराने हाळी दिली. चक्र करकरले, हलले, दार वीतभर उचलले, आणि पाणी फेसाळत कालव्यात उतरले. लोक ओरडले, पोरे पाण्याबरोबर धावली, आणि पंत गुडघाभर पाण्यात बसून एकाच वेळी हसू आणि रडू लागले. तिकडे राजवाड्यात सर्वग्रासीने धरण्यासारखे काही न उरल्यामुळे अखेर स्वतःसच विषाणू ठरवून कोंडून घेतले, आणि धोका टळला.

महाराज बहुत कोपले. शालजोडी परत मागितली. म्हणाले, "वैशाखाचे मोठे पाणी सोडण्याचे आत बरोबर मत घेऊन या, नाहीतर चिटणिशी ठेवून जा." पंत घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "सकवार, मी कधी मत देत नव्हतो तेच बरे होते. एक दिले आणि गावे तहानली." सकवारबाई ताक घुसळीत होत्या. त्या म्हणाल्या, "मत दिले ते चुकले नाही हो, अर्धेच मोजून दिले. आपल्या आत्याबाईंची मांजर आठवते? घरात उंदीर उरू दिला नाही. पण पोपट खाल्ला, पिल्ले खाल्ली, आत्याबाईंच्या बोटाचाही चावा घेतला. तिने उंदीर किती धरले एवढेच मोजाल तर तिच्यासारखी मांजर नाही. आणि जी काहीच धरीत नाही, ती पोपटाला धक्का लावीत नाही म्हणून तिचीही आरती करावी का? दोन्ही मोजा." पंत ताडकन उठले. त्यांनी बायकोचे हातची रवी काढून घेतली, बायकोस हाती धरून एक गिरकी घेतली, आणि ताक अंगणभर उडाले. सकवारबाई म्हणाल्या, "अहो, शेजारी पाहताहेत!" पंत म्हणाले, "पाहू दे, नाहीतरी बोलत नाहीत."

मग शोध करिता समजले की शहराबाहेर मथुराबाई टिपणीस म्हणून एक विदुषी अँटिव्हायरसांची परीक्षा घेतात. परंतु त्यांच्या निकालास सोनेरी शिक्का नाही, आणि त्यात कोण कोठे चुकला हेही लिहितात, म्हणून विक्रेते ते निकाल कोणास दाखवीत नाहीत. पंत तेथे गेले. बाई चष्मा कपाळावर चढवून कामात होत्या. संगणक साधे, कारकुनांकडे असतात तैसेच, आणि त्यांवर टपाल, हिशेब, गाणी, सर्व रोजचे चाललेले. विक्रेता पाठवील तो खास माल त्या घेत नसत. बाजारात कोणाही गिऱ्हाईकासारखे जाऊन आणीत. ताजे विषाणूही सोडीत, आणि त्यांचे बरोबरीने भल्या फाईलींचा जमावही सोडीत, आणि कोणी गनीम सोडिला व कोणी सज्जन कोंडिला, दोन्ही टिपीत. परीक्षेचा खर्च कोणी दिला तेही निकालाचे डोक्यावरच छापीत. पंतांनी हात जोडून विचारिले, "बाई, मग पहिला कोण?" मथुराबाई म्हणाल्या, "गस्त आणि चौकी हे दोन अँटिव्हायरस चांगले आहेत. त्यांत पहिला कोण ते मला माहीत नाही." पंतांस वाटले, ऐकण्यात चूक जाहली. "माहीत नाही?" "नाही. एका महिन्यात गस्त केसभर पुढे, दुसऱ्या महिन्यात चौकी केसभर पुढे. एवढ्या फरकावरून पहिला-दुसरा म्हणणे म्हणजे पाण्यावर रेघ ओढणे. पण वज्रकवच वाईट, हे दर वेळी दिसते. ते मला माहीत आहे." यमाजीपंत खाली बसले. आजवर दरबारी कोणी "माहीत नाही" म्हटलेले त्यांनी ऐकिले नव्हते; आपण जन्मभर तेच मनात म्हणत होतो आणि वर "मलाही तसेच वाटते" म्हणत होतो, हे त्यांस तत्क्षणी कळले, आणि अंगावरून ओझे उतरावे तैसे जाहले. मग म्हणाले, "बाई, आपला शब्द मी महाराजांस सांगतो." मथुराबाईंनी चष्मा खाली आणिला. "माझा तरी शब्द का घ्यावा, पंत? कृती सगळी सांगितली आहे. तुमच्या संगणकांवर, तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा करून पाहू. वेगळे निघाले तर मी चुकले."

ठरल्याप्रमाणे दरबारी मांड मांडिली. काही संगणक धरणापासून व दफ्तरापासून पुरते तोडून वेगळे ठेविले, आणि सर्व प्रजेस पाहण्यास मोकळीक दिली. वज्रकवचाचे विक्रेते हैबतराव मिशीस पीळ देत उठले आणि बोलिले, "न्याय असावा! कोणते विषाणू सोडणार ते आधी आम्हांस दाखवावे." तिमाजी बल्लाळ मागून म्हणाले, "आमच्याकडे तीच चाल आहे!" सर्वांनी सवयीने दिवाणसाहेबांकडे पाहिले. पण बोलिले यमाजीपंत. "हैबतराव, चोर येण्याआधी पहारेकऱ्यास भेटून जातात काय?" दरबारात हशा पिकला. मग विषाणू सोडिले. वज्रकवचाने पहिल्या ताज्या विषाणूस पाहिले, हिरवी खूण दाखविली, आणि लिहिले की, सर्व क्षेम आहे. तो संगणक डोळ्यांदेखत ठिपके आणि चौकोन ओकू लागला. मंदवारा झोपेतच जिंकला गेला. सर्वग्रासीने सर्व विषाणू धरिले आणि शिवाय महाराजांची जन्मपत्रिका धरिली. गस्त आणि चौकी यांनी बहुतेक सर्व विषाणू धरिले, एखादाच सुटला, आणि भल्या फाईलींस जवळपास धक्का लाविलाच नाही. तीच परीक्षा पुन्हा केली, तोच निकाल, फक्त पुढचा मागे आणि मागचा पुढे. महाराज सिंहासनाचे कडेशी सरकले. "आता बोला, यमाजीपंत! पहिला कोण?"

पंतांनी एकवार सकवारबाईंकडे पाहिले. त्या बायकांचे बैठकीत होत्या. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "महाराज, माहीत नाही." पंत बोलतच गेले, आणि थांबेनात. "या दोघांत पहिला सांगणारा आपणांस फसवील. दोन्ही चांगले, दोन्ही कधीतरी चुकणार. म्हणून धरणाच्या चक्रास तेल ठेवावे, कागदांची प्रत निराळी ठेवावी, आणि पुढचे साली ही परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण विषाणू बदलतात. परीक्षा कशी घेतली, कोणाचे खर्चाने घेतली, आणि नापास कोण जाहला, हे जो सांगत नाही त्याचा शिक्का सोन्याचा असला तरी घेऊ नये. हे माझे मत आहे. कोणास तसे वाटो न वाटो." महाराज गोंधळले. "पण दोघांतून एक घ्यावा तर लागेल!" तेव्हा चिकाचे पडद्याआडून राणीसाहेब बोलल्या, "दोन्ही सारखे, तर ज्याचा माणूस बोलाविल्यासरशी दुरुस्तीस येतो तो घ्यावा." लगोलग दोघांचे माणसांस सांगावा धाडिला. गस्तीचा माणूस धावत आला. चौकीच्या माणसाने जेवून येतो म्हणून कळविले. महाराज खदखदून हसले, गस्त घेतली, आणि वैशाखात धरणाची दारे वेळेवर उघडली, वेळेवर मिटली. भागाईच्या गावचे तळे काठोकाठ भरले.

पुढे हैबतरावांनी पंतांचे पाय धरून विनविले की, वाईट तर वाईट, पण दरबाराचे दोन शब्द लेखी द्यावे. पंतांनी प्रसन्नपणे लिहून दिले, "वज्रकवच हा उत्तम अँटिव्हायरस आहे असे म्हणण्यास काहीही आधार नाही." आठवड्याचे बाजारी पंत सहकुटुंब गेले तो हैबतरावांचे दुकानावर हत्तीएवढा फलक, आणि फलकावर सोनेरी अक्षरे: "वज्रकवच हा उत्तम अँटिव्हायरस आहे. – यमाजीपंत चिटणीस." लोक रांग लावून उभे. पंतांनी मग लोहाराचे भट्टीतून कोळसा उचलिला, उसाने भरलेल्या गाडीवर चढले, ऊस पायाखालून घरंगळू लागले, पगडी एकीकडे, उपरणे दुसरीकडे, खालून सकवारबाईंनी धोतराचा सोगा धरून तोल सावरिला, आणि पंतांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात, हात पोहोचेल तितके मोठे, उरलेले शब्द लिहिले. हैबतराव ओरडले, "पंत, दुकानाची अब्रू जाते!" पंत वरून म्हणाले, "अब्रूचे मला माहीत नाही, हैबतराव. वाक्य पुरे होते." बाजार टाळ्यांनी दुमदुमला, आणि गाडीवाला म्हणाला, "आता उतरा, ऊस मोडतोय."

एणेप्रमाणे तिघा पहिल्यांचा निकाल लागला, राज्याचे पाणी राहिले, आणि यमाजीपंत चिटणीस मतांनी समृद्ध होऊन, दोन्ही शेजाऱ्यांशी नव्याने भांडून, सुखी जाहले. हकीकत जैसी कळली तैसी लिहिली. ऐकून मानणाराचे भले होवो, पडताळून मानणाराचे त्याहून भले होवो, आणि शंका घेणाराचे घरी पाणी कधी न आटो.